गुणवंतचं सूत्र

आई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात संचिताने बाबांना मोबाइल घेऊन दिला आणि नवऱ्याला छातीठोकपणे सांगितलं, "सुटला प्रश्न! बाबा गोडदेवला, मी पूनम सागरला. पण बटण दाबलं की बाबा हजर!"

बाबा चारच दिवस हजर होते. पाचव्या दिवशी त्यांनी पेपरात वाचलं, की मोबाइलच्या लहरींनी म्हणे पेशींमधल्या डीएनएचे धागे तुटतात. झालं! मोबाइल स्टीलच्या डब्यात, डबा कपाटात. संचिताने फोन लावला की कपाटात भुंगा कोंडल्यासारखा डबा गुरगुरायचा आणि बाबा, म्हणजे महिपतराव, बाहेर निवांत शेंगा सोलत बसायचे.

इकडे संचिता पुन्हा पुन्हा फोन लावत राहायची. आई पडली त्या दिवशीही घरचा फोन नुसता वाजतच राहिला होता.

"बाबा, ते प्रयोग बशीतल्या पेशींवर झालेत. कुणाला धागे तुटलेले दिसले, कुणाला नाही. नक्की काहीच नाही अजून!"

"बशीतल्या तुटतात, मग माझ्या काय ताटातल्या आहेत गो?"

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. रविवारी सकाळी त्यांनी खालच्या फळ्यावर खडूने ठसठशीत लिहिलं: 'सावधान! मोबाइलमुळे गुणसूत्रे तुटतात!'

तळमजल्यावरच्या शैलाने ते वाचलं आणि तिचे कान लाल झाले. तिचा नवरा गुणवंत म्हणजे गळ्यात दोरीने मोबाइल लटकवून झोपणारा माणूस. त्या दोरीत अडकून पहाटेच तिचं मंगळसूत्र तुटलं होतं. कसं अडकलं, ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि इथे फळ्यावर जाहीर!

"अगं हिना, गुणसूत्र! गुणवंतचं सूत्र! काकांना कळलं कसं?"

शेजारची हिना फळ्यापाशी वाकली. "भाभी, 'सूत्रे' लिखा है. मतलब सबका टूटेगा!"

"हो ना!" शैलाचा जीव भांड्यात पडला. "सगळ्यांचंच!"

तासाभरात सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांचे मोबाइल जप्त केले आणि बादलीत भरून बाबांच्या दारात आणून ठेवले. "काका, बोर्डावर तुम्ही लिहिलंत, आता सांभाळा पण तुम्हीच!"

एका मोबाइलला घाबरणाऱ्या माणसाच्या घरात अकरा मोबाइल!

दुपारी संचिताने फोन लावला. बाबा उचलेनात. अशा वेळी ती गुणवंतला फोन करून वर बघून यायला सांगायची. आज गुणवंतही उचलेना! तिने पायात एक चप्पल स्वतःची आणि एक सासूची घातली आणि रिक्षात उडी मारली.

जिन्यातच तिला आवाज आला. घरात भजनी मंडळ बसावं तसे सगळे डबे एका सुरात गात होते. आणि स्वयंपाकघरात बाबा उभे! चिमट्यात एक मोबाइल धरून, हात लांब करून, ओरडत होते, "गुणवंत नाही! गुणवंत तांदळात आहे! डाळीतला हवाय का?"

संचिता दाराला टेकून खाली बसली. रडायची सगळी तयारी झाली होती, आलं हसू.

मग सगळा घोळ कळल्यावर तिने बायकांना समजावलं. "अहो, गुणसूत्र गळ्यात नसतं! शरीराच्या आत, पेशीत असतं."

"पेशीत?" शैला दचकली. "आमच्या दिरांची पेशी तर मंगळवारी आहे, ठाणे कोर्टात!"

शेवटी हिनाने सगळ्यांचे मोबाइल झटकून, तांदूळ निवडून परत केले. उरला तो बाबांचा. तो मात्र खिडकीत, उन्हात, उघड्यावर पडला होता.

"बाबा, हा डब्यात नाही ठेवलात?"

बाबा चिमटा पुसायला लागले. "त्या डब्यात तुझ्या आईचं मंगळसूत्र आहे."

"पण बाबा, गुणसूत्र म्हणजे काय, ते तुम्हाला तरी माहितीय ना!"

"माहितीय गो. पण शैलाचं मंगळसूत्र तुटलं ना?" ते खिडकीकडे बघत म्हणाले. "उगाच कशाला!"

विज्ञानाची बाजू संचिताने तिथेच सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला बाबांनी उचलला!

"काय ते पटकन बोल! माझे धागे तुटतायत!"

आणि पुढची चाळीस मिनिटं, शेंगांचा भाव काय झालाय, ते तिला सविस्तर सांगत बसले.