शिस्तीची धाकटी बहीण

चार वाजता मुलीच्या शाळेत नाटक होतं आणि त्यात ती झाड होती. झाडाला संवाद नव्हता, पण समोर बाबा दिसले नाहीत तर झाड स्टेजवरून खाली येणार, असं तिने सकाळीच जाहीर केलं होतं. प्रोग्रामरने मान डोलावली आणि ऑफिसात पोचला, तर साहेब त्याच्या टेबलाशीच उभे.

"वाचनालयाचा सभासद-फॉर्म जावास्क्रिप्टमधून टाइपस्क्रिप्टमध्ये आणायचाय. आजच. मग जा कुठे जायचं तिथे."

"सर, दोन्ही भाषा सख्ख्या बहिणीच आहेत. तासाभराचं काम."

बहिणी खऱ्याच, पण धाकटी, टाइपस्क्रिप्ट, भलतीच शिस्तीची. थोरलीने वर्षानुवर्षं पोटात घातलेलं सगळं तिने मिनिटभरात चव्हाट्यावर आणलं. चारशे बारा चुका, स्क्रीनभर लाल. हा आकडा आहे की शब्द, ही तारीख आहे की नुसतीच आशा, असं ती एकेका ओळीला दरडावून विचारत होती.

दोन वाजले. खिडकीतलं ऊन कीबोर्डवर येऊन पहुडलं. त्याच्या डोळ्यांपुढे एक झाड सावकाश स्टेजच्या पायऱ्या उतरू लागलं. मग त्याने ते केलं, जे या धंद्यातले सगळेच करतात आणि कुणी सांगत नाही. पहिल्या चुकीपाशी 'एनी' लिहिलं, म्हणजे इथे काहीही चालेल. लाल रेघ विझली. दुसरी विझली. स्क्रीन हळूहळू तळ्यासारखी निवांत होत गेली.

साहेबांनी हरखून फॉर्म लगेच वाचनालयाला पाठवून दिला. सव्वातीनला फॉर्म तपासणाऱ्या टेस्टरबाई आल्या. "अरे, मी वयाच्या रकान्यात 'ढग' लिहिलं."

"मग?"

"मग काय, फॉर्म म्हणाला अभिनंदन, तुम्ही सज्ञान आहात."

तेवढ्यात साहेब फोन घेऊन आले. वाचनालयाच्या बाई लाइनवर होत्या.

"बाईंनी वय 'संध्याकाळ' लिहिलंय," फोनवर हात ठेवून साहेब म्हणाले. "आणि फॉर्मने ते घेतलं. म्हणतायत, आयुष्यात पहिल्यांदा वय खरं सांगितलं. भारावल्यात अगदी. आता जन्मतारीख, फोन, पत्ता, सगळेच रकाने त्यांना असे काहीही चालणारे हवेत. थांबावं लागेल रे तुला. आठवडा तरी जाईल ना?"

टेस्टरबाई छताकडे बघू लागल्या.

"झालंय सर," बॅग खांद्याला लावत तो म्हणाला. "मी आधीच विचार करून ठेवला होता."