येते म्हण रे

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गायकवाडकाकांकडे कुणी बाई आली आहे आणि न सांगता निघाली आहे. "येते म्हण! अरे, निघताना येते म्हणावं!" असा खणखणीत आवाज भिंतीपलीकडून येत होता. आमची इथली, लंडनजवळच्या स्लाऊमधली घरं एकमेकांना चिकटलेली, शेजारी शिंकला तर इकडून 'ब्लेस यू' म्हणावं अशी. मी त्यांचं भांडं परत द्यायच्या निमित्ताने डोकावले. काका एकटेच होते. टीव्हीवर एक धिप्पाड, दाढीवाला अमेरिकन बॅट टाकून धावत सुटला होता, आणि काका त्याला निरोपाचे शिष्टाचार शिकवत होते.

"काका, तो बाप्या आहे. येतो म्हणेल," मी म्हटलं.

"बस, चहा घे. आणि निकाल माहीत असेल तर सांगू नकोस."

मला म्हणे निकाल माहीत असेल! बेसबॉलमधलं मला एवढंच कळतं की ते लोक सारखं काहीतरी चघळतात आणि थुंकतात.

अमेरिकेतला खेळ इथे इंग्लंडात अपरात्री चालतो, म्हणून काका तो रेकॉर्ड करून सकाळच्या चहाबरोबर बघतात. तोवर निकाल कुणी सांगायचा नाही, ही अख्ख्या गल्लीला ताकीद. पोस्टमनलासुद्धा ते "नो स्कोअर, प्लीज!" म्हणाले होते. तो बिचारा फुटबॉलवाला. त्याला वाटलं आजोबा आपल्याच पंथातले, आणि गेला आठवडाभर त्याने पोटात ठेवलेलं फुटबॉलचं सगळं दुःख दारात उभं राहून ओतलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि वर त्याला चिवडा दिला.

टीमचं नाव काका कधी घेत नाहीत. नुसतं 'आपले'. "आपले काल बरे खेळले", "आपल्यांचा चेंडूफेक्या दमलाय." बेसला ते 'ठाणं' म्हणतात आणि होमरनला 'घरधाव'. मराठीच्या बाबतीत माणूस भलता कडक. कारखान्यात इंजिनिअर होते, आणि रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये इथल्या मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायचे. माझ्या लेकीने एकदा "काका, माझी मदत करा ना" म्हटलं, तर मदत राहिली बाजूला, "'मला' मदत करा" यावर पंधरा मिनिटं गेली. तेव्हा हा माणूस बाप्याला 'येते' म्हणायला का सांगतो, हे काही केल्या मला उमगेना. मी दर वेळी "येतो, काका, येतो" म्हणून टोकायचे. एरवी चुकीच्या वेलांटीवर भांडणारे काका तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे.

"क्रिकेटमध्ये नुसतं इकडून तिकडे पळायचं," ते एकदा म्हणाले. "इथे घरातून निघायचं, तीन ठाणी फिरायची आणि पुन्हा घरी यायचं. घरी पोचला तरच धाव. तिसऱ्या ठाण्यावर उभा राहिला आणि डाव संपला, तर सगळं फुकट. घर समोर दिसतंय गं, पण येता येत नाही."

'आपले' ज्या शहराचे, तिथे काकांचा मुलगा समीर राहतो. स्लाऊमध्ये जन्मला, नोकरीसाठी अमेरिकेला गेला आणि तिकडचाच झाला. काकी होत्या तोवर फोन त्या घ्यायच्या. त्या गेल्यावर बापलेकांना बोलायला विषयच उरला नाही. 'हाऊज द वेदर' तरी किती वेळा विचारणार? मग काका बेसबॉल शिकले, सत्तरी ओलांडल्यावर. हे मला त्यांनी सांगितलं नाही, पण भिंत पातळ आहे.

यंदा आपले चक्क शेवटपर्यंत तगले. शेवटची मॅच जिंकले तर पुढची फेरी, हरले तर खेळ खल्लास. आणि त्याच आठवड्यात समीर ऑफिसच्या कामासाठी लंडनला येणार होता. गुरुवारी दुपारी घरी.

"मॅच त्याच्याबरोबरच बघणार," काकांनी जाहीर केलं. "सोफ्यावर, शेजारी शेजारी बसून."

तोवर निकाल कळू नये म्हणून पेपर बंद, रेडिओ बंद, आणि बाहेर जाताना कानटोपी. ऊन पडलेलं असताना सुपरमार्केटमध्ये कानटोपी घालून वांगी निवडणारे काका बघून हसू की रडू, असं झालं मला.

गुरुवारी त्यांनी स्वतः पिठलं केलं, भाकरी माझ्याकडून मागवल्या. त्या घेऊन गेले तर समीर नुकताच आलेला. कानशिलांवरचे केस पिकलेले, माणूस मोठा शालीन. काका रिमोट हातात घेऊन तयारच होते. समीरने स्क्रीनकडे पाहिलं.

"ओ, धिस वन? वी लॉस्ट, डॅड. सीझन इज ओव्हर. यू डिडन्ट नो?"

हे माझ्या हातातल्या भाकऱ्यांनो, आता काय करू? काकांचा चेहरा मला बघवेना. पण ते एवढंच म्हणाले, "असू दे. लेट्स वॉच एनीवे."

हरलेली मॅच तिघं बघत बसलो. समीर मधून मधून फोन बघत होता. पडद्यावर एका फलंदाजाने टोला हाणला, धावत सुटला, आणि काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "येते म्हण रे!"

समीरचा फोन तसाच हातात राहिला. मी आपली वेंधळी, हसून म्हटलं, "बघा ना, बाप्याला येते म्हणायला सांगतात!"

"नो, दॅट्स माइन," समीर हळूच म्हणाला. "डॅड नेहमी शिफ्टला. मी मराठी मम्मीकडून शिकलो, सो आय टॉक्ड लाइक हर. मी येते, मी जाते. वन संडे डॅडनी वर्गात उभं केलं आणि सांगितलं, सगळ्यांना बोलून दाखव. एव्हरीवन लाफ्ड. डॅड टू." तो हसला. "आफ्टर दॅट, इंग्लिश वॉज इझिअर."

काका टीव्हीकडेच बघत होते. तिसऱ्या ठाण्यावर एकजण उभा होता. डाव तिथेच संपला.

संध्याकाळी टॅक्सी आली. समीरने बापाला मिठी मारली, आत बसला, काच खाली केली. "ओके डॅड. मी..." म्हणाला आणि अडखळला. येतो की येते, ते त्याला आठवेना, की आठवत होतं म्हणूनच थांबला, कोण जाणे. काका फाटकाला धरून पुढे वाकले होते.

"टेक केअर," तो म्हणाला. टॅक्सी निघाली.

तेव्हा काका धावले. स्लाऊच्या त्या ओल्या फुटपाथवर, सपाता घालून, हात उंच करून.

"येते पण चालेल रे, समीर! येते म्हण, चालेल!"

टॅक्सी कोपऱ्यावरून वळून गेली होती.