डाव्या मोज्याचे भोक

बुटांच्या दुकानातल्या लांब बाकावर बसून मापसाहेबांनी उजवा बूट काढला, डाव्याची नाडी ओढली आणि तिथेच त्यांचा हात थांबला. डाव्या मोज्याला भोक होते आणि त्यातून अंगठा बाहेर आलेला होता, हे त्यांना सकाळपासून ठाऊक होते. सकाळी ‘बुटात कोण बघतंय’ असे म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता. आता बघायला उजवीकडे कार्यालयातल्या लेखापालबाई होत्या, डावीकडे कारकून जावकराव होता, आणि बुटका स्टूल घेऊन समोर बसलेल्या विक्रेत्याचे तर कामच पाय बघण्याचे होते.

दुसऱ्या कुणावर ही वेळ आली असती तर तो हसून मोकळा झाला असता. पण मापसाहेब वजनमापे तपासणाऱ्या कार्यालयात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू, मापे, पंपावरचे लिटर, सगळे त्यांच्या नजरेखालून जायचे. दोन्ही पारड्यांत वजन आलटूनपालटून ठेवून पाहिल्याशिवाय त्यांनी आजवर एकाही तराजूवर शिक्का मारला नव्हता. चाळिशी उलटल्यावर त्यांना लांब पल्ल्याचे धावण्याचे वेड लागले आणि ही सगळी काटेकोर बुद्धी बुटांकडे वळली. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय सुजतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. दोन्ही पाय कधीच सारखे नसतात, म्हणून दोन्ही बूट घालून दुकानात चालून बघावे. कार्यालयात हे सगळ्यांना पाठ झाले होते, कारण ऐकल्याशिवाय कुणाची रजा मंजूर होत नसे.

आणि या सगळ्यांवर कळस म्हणून त्यांचे एक वाक्य होते. आवक-जावक सांभाळणारा कारकून, ज्याला सगळे जावकराव म्हणत, पहिल्या सरावानंतर जरा लंगडत आला होता. मापसाहेबांनी त्याला पाण्याच्या फिल्टरपाशी, चारचौघांत गाठले. “पाय दुखला म्हणजे बूट चुकला,” ते म्हणाले, “आणि बूट चुकला म्हणजे माणूस चुकला.” जावकराव मुळात अबोल. त्या दिवशी पाणी न पिताच तो जागेवर जाऊन बसला. म्हणूनच आज साहेब स्वतः दोघांना घेऊन दुकानात आले होते. आंतरकार्यालयीन शर्यत तोंडावर आली होती आणि तिघांचा संघ उतरवायचा होता.

विक्रेत्याने साहेबांच्या उजव्या पायात नवा बूट चढवला. साहेबांनी पुढे बोट दाबून जागा पाहिली, मान डोलावली.

“आता डावा द्या, साहेब.”

“डावा मला ठाऊक आहे,” मापसाहेब गंभीरपणे म्हणाले.

“पण दोन्ही घालून चालून...” लेखापालबाई आश्चर्याने म्हणाल्या. हे त्या त्यांच्याकडूनच शिकल्या होत्या.

“ते शिकाऊ लोकांसाठी, बाई. पाय एकदा तयार झाला की उजव्यावरून डावा कळतो. बांधा.”

हे ऐकून दोघांच्या चेहऱ्यावर आदर पसरला. अंगठा मोज्यात नव्हता तरी अब्रू बुटात राहिली, म्हणून साहेब मनातल्या मनात सुटले. दोघांनीही आपापले बूट घेतले आणि मंडळी घरी गेली.

घरी नवे बूट घालून हॉलमध्ये फेऱ्या मारताना डावा जरा घट्ट लागला.

“माझा डावा पाय मुळात थोडा मोठा आहे,” साहेबांनी बायकोला सांगितले.

“लग्नापासून बघतेय. कधी दिसला नाही तो मोठा.”

“तो धावल्यावर होतो.”

“मग मोजे तरी नवे घ्या. डाव्याचा अंगठा रस्ता बघतोय.”

“शर्यत होईपर्यंत नवं काही अंगावर चढवायचं नाही. नियम आहे,” साहेब म्हणाले. त्याच दिवशी नवे बूट घेऊन हा नियम सांगायला त्यांना काही वाटले नाही.

छोट्या पल्ल्याला पायाने कुरकुर केली, पण ऐकून घेतले. लांब पल्ल्याच्या पहिल्याच रविवारी मात्र निम्म्या वाटेवर डाव्या पायाच्या बोटांना आधी मुंग्या आल्या, मग कुणीतरी पकडीने धरून एकेक बोट दाबावे तसे होऊ लागले. घरी येऊन मोजा काढला तर अंगठ्याचे नख काळेनिळे पडलेले.

“बूट चावत असेल,” बायको म्हणाली.

“बूट मी स्वतः निवडलाय.”

“म्हणूनच म्हणतेय.”

साहेब रागावून मेहुण्याकडे गेले. मेहुणा हाडांचा डॉक्टर होता आणि बहिणीच्या नवऱ्याशी वाद घालून काही निघत नाही, हे त्याला डॉक्टर होण्याआधीपासून माहीत होते. त्याने पाय दाबून पाहिला, एक्स-रेचा फोटो काढला, तो उजेडात धरला.

“हाड ठणठणीत आहे. भाऊजी, बूट पुढून आखूड होत असेल.”

“एक माप मोठा घेतलाय. वजनमापे खात्यात आहे मी.”

“मग एखादी नस असेल,” मेहुणा थकून म्हणाला.

ही ‘एखादी नस’ सोमवारी साहेबांबरोबर कार्यालयात आली आणि दुपारच्या डब्यापर्यंत तिचा गंभीर आजार झाला. मेहुण्याने पायाच्या बोटांनी गोट्या उचलण्याचा व्यायाम दिला होता, तो साहेब टेबलाखाली करू लागले. एकदा एक गोटी घरंगळत, तराजू तपासून घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याच्या पायापाशी गेली. त्याने ती उचलून काही न बोलता टेबलावर ठेवली आणि त्या दिवशी शिक्का लवकर मिळाला.

जावकराव दोन दिवस साहेबांच्या टेबलाभोवती घुटमळत होता. शेवटी म्हणाला, “साहेब, बूट एकदा उलटा करून झटकून बघा ना. आत काहीबाही जातं कधी कधी.”

“खडा आणि नस यातला फरक मला कळतो.”

“नाही, तसं नाही...” जावकराव म्हणाला आणि मागे सरकला.

मग लेखापालबाईंनी वेगळ्या वाटेने प्रयत्न केला. “मी तर हात पार आतपर्यंत घालून पुसते, साहेब. घाम साचतो ना पुढे, बोटांपाशी.”

“माझ्या पायाला घाम येत नाही, बाई.”

बाईंनी जावकरावकडे पाहिले, जावकरावने टपालाकडे पाहिले. साहेबांना वाटले, आपल्या आजाराने बिचारे हळवे झाले आहेत.

तिघांपैकी शेवटचा माणूस रेषा ओलांडेल ती संघाची वेळ, असा शर्यतीचा नियम होता. म्हणजे साहेबांचा पाय हा आता एकट्याचा पाय राहिला नव्हता. मागच्या वर्षी त्यांचे कार्यालय शेवटून पहिले आले होते आणि बाजूच्या टपाल कार्यालयाने त्यावरून वर्षभर टोमणे मारले होते. बाई पहाटे उठून सराव करत होत्या, जावकरावने त्यासाठी सिगारेट सोडली होती. साहेब म्हणाले, “मला वगळा. माझ्यामुळे तुम्ही मागे पडाल.”

“तुमच्याशिवाय नाही, साहेब,” जावकराव म्हणाला. इतके ठाम तो कधीच बोलला नव्हता. पाय तुटला तरी शेवटपर्यंत येण्याचे वचन साहेबांनी देऊन टाकले.

शर्यतीच्या दिवशी पहाटे तयारी करताना, बोटांपुढे थोडा कापूस घालावा म्हणजे नस दुखणार नाही, असे साहेबांच्या मनात आले. कापूस घेऊन त्यांनी हात डाव्या बुटात पार आत घातला. पुढे काहीतरी कडक लागले. त्यांनी ते ओढले, चिकटले होते, नखाने खरवडून बाहेर काढले. कागदाचा बोळा होता. नव्या बुटाचा आकार राहावा म्हणून आत कोंबतात तो. उजव्यातला विक्रेत्याने त्यांच्यादेखत काढून टाकला होता. डाव्यातला त्यांनी काढू दिला नव्हता. घामाने भिजून, वाळून बोळ्याचा दगड झाला होता आणि त्यावर साहेबांच्या बोटांचे ठसे ओळीने उमटले होते.

साहेब पलंगावर बसले. कानापासून मानेपर्यंत गरम झाले. मेहुण्याने उजेडात धरलेला फोटो आठवला, टेबलाखालच्या गोट्या आठवल्या, ‘माझ्या पायाला घाम येत नाही’ आठवले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असे आजवर त्यांना दुसऱ्यांविषयीच वाटत आले होते. फिल्टरपाशी मान खाली घालून उभा असलेला जावकराव तर डोळ्यांपुढून हलेना.

बोळा कचऱ्यात टाकावा तर बायको बघणार. त्यांनी तो चड्डीच्या खिशात घातला. बूट चढवला तर काय, पाय पाळण्यात ठेवल्यासारखा निजला. बोटे आत मजेत हलली. आज ते वाऱ्यासारखे धावू शकत होते आणि तेच आता जमणार नव्हते. एका रात्रीत नस बरी कशी झाली, हे कोण विचारणार नाही? सांगून टाकावे की लंगडावे, या विचारात ते मैदानावर पोचले. समोरून जावकरावने पाण्याची बाटली पुढे केली आणि काळजीने विचारले, “कसं आहे, साहेब?” त्या काळजीपुढे सांगायची हिंमत झाली नाही. साहेब लंगडले.

खरे दुखत असताना लंगडणे सोपे असते. न दुखता लंगडायचे तर सतत लक्षात ठेवावे लागते. पहिल्या पाण्याच्या टेबलापाशी साहेब पाणी प्यायले आणि निघताना उजव्या पायाने लंगडू लागले.

“साहेब, डावा,” जावकराव हळूच म्हणाला.

“काय?”

“डावा दुखतोय ना? जपा.”

साहेबांनी पाय बदलला. टपालवाले मागून आले, “सावकाश, सावकाश” म्हणत पुढे गेले. लेखापालबाई आपला वेग मारून त्यांच्या बाजूने चालल्यासारख्या धावत होत्या. चढावर त्यांनी साहेबांचा हात धरला. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांनी जिद्दी माणूस म्हणून टाळ्या वाजवल्या. एकेक टाळी साहेबांना गालावर बसल्यासारखी वाटली. पुलापर्यंत गेल्यावर सांगू, असे त्यांनी ठरवले. पूल आला आणि गेला. आता सांगितले तर ‘मग इथवर का लंगडलात’ याचेही उत्तर द्यावे लागणार होते, आणि दर पावलागणिक ते उत्तर अवघड होत होते. त्यात वेडेवाकडे पाय टाकून उजवा गुडघा खरोखरच दुखायला लागला. शेवटी साहेब दोन्ही पायांनी लंगडत बदकासारखे रेषेवर पोचले, तेव्हा कमान उतरवायला माणसे शिडी लावत होती. संघ यंदाही शेवटून पहिला आला होता.

तिघे फुटपाथच्या कठड्यावर बसले. जावकरावने सवयीने खिसा चाचपला आणि सिगारेट सोडल्याचे आठवून हात काढून घेतला. साहेबांना ते बघवेना. घाम पुसायला त्यांनी रुमाल ओढला आणि त्याच्याबरोबर बोळा बाहेर आला, टणकन जमिनीवर पडला आणि तिघांच्या मधोमध थांबला.

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. “हे डाव्या बुटात होतं,” ते म्हणाले. “नस-बिस काही नव्हती. सकाळी निघालं. मी आज उगाच लंगडलो. तुम्ही जिंकला असता.”

मग जावकरावने बोळा उचलून निरखला.

“तुमचा फारच घट्ट झाला होता, साहेब. माझा मऊ होता.”

“तुझा?”

“माझा मी त्याच रात्री काढला,” लेखापालबाई म्हणाल्या. “तुम्ही डावा घालून बघितला नाहीत, म्हणून आम्हीही नाही बघितला. म्हटलं, शिकाऊ कशाला दिसायचं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“तुम्ही लंगडायला लागलात तेव्हाच.”

“मग सांगितलं का नाहीत?”

जावकराव खाली बघत म्हणाला, “बूट चुकला म्हणजे माणूस चुकला. साहेबांना ते कोण सांगणार?”

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. “आणि आज?”

“सकाळी तुमची बोटं हलताना दिसली बुटात. म्हटलं, निघाला एकदाचा. बरं वाटलं,” बाई म्हणाल्या. “आम्हाला वाटलं, पाण्यापाशी लंगडणं थांबवाल. मग वाटलं, पुलापाशी.”

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मग जावकरावने विचारले, “पण साहेब, त्या दिवशी तुम्ही डावा का नाही घातलात?”

मापसाहेबांनी रुमाल खाली ठेवला. वाकून डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि पाय पुढे केला. मोज्याच्या भोकातून काळे नख घेऊन अंगठा बाहेर आला आणि तिघांच्या देखत उभा राहिला.

लेखापालबाईंनी दुसरीकडे बघितले. जावकराव मात्र बघतच राहिला. मग त्याने आपल्या डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि साहेबांच्या पायाशेजारी आपला पाय ठेवला. त्याच्या मोज्यातून दोन बोटे बाहेर होती.

“त्या दिवशीही हाच होता,” तो म्हणाला. “नाडी कशी सोडायची म्हणून घाम फुटला होता मला. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, डावा मला ठाऊक आहे. साहेब, देव पावला असं वाटलं.”