कोरडी तपासणी

मोटारीत पावसाचं पाणी शिरत असल्याची बाब गळतीसाहेबांच्या निदर्शनास सर्वप्रथम त्यांच्या पत्नीने आणून दिली आणि त्यांनी ती जागच्या जागी फेटाळली. कारण सबळ होतं. गाडी ते स्वतः चालवत होते आणि त्यांच्या पायाखालचं पायपुसणं खडखडीत कोरडं होतं.

"अहो, माझ्या चपला तरंगतायत," शेजारच्या सीटवरून बाई म्हणाल्या.

"तुझे पाय पहिल्यापासूनच गार असतात," साहेब म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.

गळतीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सरकारी इमारतींची देखभाल पाहणाऱ्या खात्यात ते गळती अधिकारी होते, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत, आणि तोंडावर म्हटलं तरी त्यांना त्यात वावगं वाटत नसे. शाळा, दवाखाने, वाचनालयं, कुठेही छत गळलं की तक्रार त्यांच्याकडे यायची. त्यांच्या आधीचे अधिकारी भर पावसात छतावर चढायचे, सर्दी घेऊन परत यायचे आणि गळती सापडली म्हणून सांगायचे. सापडली की ती दुरुस्त करावी लागे. खात्याची बदनामी होत होती ती नेमकी यामुळे.

साहेबांनी आल्या आल्या या रोगावर औषध काढलं. त्याचं नाव कोरडी तपासणी. पावसात सगळंच ओलं असतं, तेव्हा गळतीचा ओलावा कोणता आणि पावसाचा कोणता हे शास्त्रीयदृष्ट्या सांगता येत नाही, सबब गळतीची तपासणी आकाश निरभ्र असतानाच करावी, असा नियम त्यांनी केला. मग तपासनीस लख्ख उन्हात जायचा, मान वर करून छताकडे बघायचा आणि 'गळती आढळली नाही' असं लिहून चहा पिऊन परत यायचा. कुणी भिंतीवरचा ओघळ दाखवलाच, तर त्याला 'जुनी खूण' म्हणायचं असं ठरलेलं होतं. दोन-तीन पावसाळ्यांत तक्रारी अशा आटल्या की बाहेरच्या कंपन्यासुद्धा ही पद्धत शिकायला खात्यात येऊ लागल्या. साहेबांनी त्यांना मोठ्या मनाने शिकवली.

आता वार्षिक समारंभ तोंडावर आला होता. त्यात खातं 'गळतीमुक्त' म्हणून जाहीर व्हायचं होतं आणि त्याच व्यासपीठावर साहेब उपसंचालक व्हायचे होते. या पदासाठी त्यांनी किती जणांपुढे मान तुकवली होती ते त्यांच्या मानेलाच ठाऊक. नव्या सहीचा सरावही त्यांनी सुरू केला होता. अशात एका दुपारी संचालकांनी त्यांना बोलावून घेतलं.

"माझी गाडी रंगवायला दिलीय. समारंभाला तुमच्याच गाडीतून जाऊ. मागे बसलं की मला मळमळतं, मी पुढे बसेन."

"अहोभाग्य, सर," साहेब म्हणाले आणि त्यांना बायकोच्या तरंगत्या चपला आठवल्या.

घरी आल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या सीटपुढचं पायपुसणं उचललं. खालचा गालिचा पिळून काढण्याजोगा ओला होता आणि कोपऱ्यात अळंबी उगवली होती. चांगली टोपीबिपी घातलेली.

"हे कधीपासून आहे?"

"गेल्या महिन्यात इवलीशी होती," बाई म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाहीस?"

"रोज सांगतेय. माझ्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या, त्या तुम्हाला दाखवल्या. तुम्ही म्हणालात, मलम लाव."

हे खरं होतं. पण त्या वेळी प्रश्न बायकोच्या पायांचा होता. आता तो संचालकांच्या बुटांचा झाला होता, आणि साहेब कामाला लागले.

सर्व्हिस सेंटर म्हणजे काचेचा महाल होता. गाड्या दुरुस्त होतात ती जागा सोडून बाकी सगळं तिथे दिसत होतं. टाय लावलेल्या एका सेवा सल्लागाराने साहेबांना कॉफी दिली, गालिच्यावर बोट दाबलं, बोट रुमालाला पुसलं आणि हसून म्हणाला, "गाडी ओली आहे, सर."

"म्हणूनच आणलीय."

"ओल्या गाडीत गळती कशी शोधणार? आधी वाळवावी लागेल."

गाडी वाळवण्यात आली. मोठमोठे पंखे लावले, गालिचा काढून उन्हात टाकला, अळंबी चिमट्याने उपटून पिशवीत भरली. मग सल्लागाराने आत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, "कोरडी आहे, सर. गळती आढळली नाही."

साहेब उसळले. "अहो, तुम्हीच वाळवलीत ना ती! काचेवर पाइपाने पाणी मारून बघा."

"पाइपाचं पाणी म्हणजे पाऊस नव्हे, सर."

"मग पाऊस पडेल तेव्हा बघा."

"पावसात सगळंच ओलं असतं. त्यात गळतीचा ओलावा कोणता आणि पावसाचा कोणता, हे शास्त्रीयदृष्ट्या सांगता येत नाही."

वाक्य ओळखीचं होतं. साहेबांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"सरकारी पद्धत आहे, सर. आमच्या कंपनीने मुद्दाम माणसं पाठवून शिकून घेतली. ज्याने काढली त्याचं डोकं काय असेल हो! तेव्हापासून आमच्याकडे एकही गाडी गळत नाही."

आपली स्तुती ऐकून साहेबांची छाती फुगली. "आणि ती अळंबी?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"जुनी खूण," सल्लागार म्हणाला आणि त्याने समोरच्या काचेवर आतून एक गोल हिरवा स्टिकर डकवला. त्यावर लिहिलं होतं: 'ही गाडी गळतीमुक्त आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी अंगणात बादली आणली, तांब्याने समोरच्या काचेवर पाणी ओतलं आणि गाडीत डोकावून पाहिलं. पाणी शेजारच्या सीटच्या बाजूला खाली उतरत होतं. त्यांनी पुन्हा ओतलं, पुन्हा पाहिलं. मग बॉनेट उघडून वायपरच्या खालची जाळी उचकटली. जाळीखाली कुजक्या पानांचा लगदा गच्च बसला होता. ऑफिसात अधिकाऱ्यांच्या गाड्यांसाठी झाडाखालची सावली राखून ठेवलेली असते, आणि शिपायांच्या सायकली उन्हात असतात. त्या मानाच्या सावलीची ही पानं.

"पाणी बाहेर जायची वाट तुंबलीय, म्हणून ते आत येतंय," बाई बाह्या सारत म्हणाल्या. "ओंजळभर पानं आहेत. आत्ता काढते."

"हात लावू नकोस!" साहेब ओरडले. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं, तसा त्यांनी आवाज खाली आणला. "अगं, या गाडीची कोरडी तपासणी झालीय. माझ्या पद्धतीने. गळती आढळलेली नाही. आता तू ती शोधून बंद केलीस, तर ती होती असं ठरेल."

"होतीच की!"

"माझ्या गाडीत होती म्हटलं, तर शाळेतही असेल, दवाखान्यातही असेल. समारंभ चार दिवसांवर आलाय आणि तू ओंजळभर पानांसाठी माझी सगळी नोकरी खोटी पाडणार?"

बाई ओले हात तसेच धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे पाणी आलेलं चालेल, पण पानं काढलेली चालणार नाहीत?"

"उपसंचालक झालो की काढू."

"आणि तोपर्यंत माझे पाय?"

"तोपर्यंत तू मागे बस," साहेब उदारपणे म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हाताने ती पानं नीट चेपून जाळी पुन्हा बसवली. मग घरातले सगळे चांगले टॉवेल आणून पायपुसण्याखाली अंथरले. बाईंना भयंकर राग आला होता. त्यांनी बादली उपडी केली.

समारंभाच्या दिवशी आभाळ फाटलं. संचालक नवेकोरे बूट घालून पुढे बसले, बाई छत्री घेऊन मागे. बराच वेळ टॉवेलांनी किल्ला लढवला. मग एका वळणावर गाडीतल्या गाडीत डुबुक असा आवाज आला आणि साठलेलं पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं.

संचालकांनी खाली पाहिलं. मग काचेवरच्या हिरव्या स्टिकरकडे पाहिलं. साहेबांनी उगाचच वायपरचा वेग वाढवला. पण संचालकही काही कालचे नव्हते. कोरड्या तपासणीला मंजुरी त्यांनीच दिली होती आणि त्याच जोरावर ते संचालक झाले होते. त्यांनी सावकाश दोन्ही पाय उचलले आणि सीटवर मांडी घातली.

"हवा छान आहे," ते म्हणाले.

"हो सर. किंचित दमट."

मागून बाईंनी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या पुढे केल्या. "सर, पायांना बांधून घ्या. मी तेच करायची."

"कशासाठी?" संचालकांनी इतक्या थंडपणे विचारलं, की बाईंनी पिशव्या परत घेतल्या. त्या क्षणी साहेबांना संचालकांविषयी वाटलं तेवढं प्रेम बायकोविषयी लग्नातही वाटलं नसेल.

सभागृह खात्याच्याच ताब्यातलं होतं. त्याची तपासणी गेल्याच उन्हाळ्यात झाली होती. संचालक बुटांचा पचपच आवाज करत माइकपाशी गेले आणि खातं गळतीमुक्त झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. नेमक्या त्याच वेळी छतातून मधल्या रांगांवर धार लागली. तिथल्या मंडळींनी टाळ्या वाजवता वाजवता खुर्च्या सरकवल्या, कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे. थोड्याच वेळात धारेभोवती छानसं रिकामं वर्तुळ तयार झालं. त्यात कुणाच्या तरी दूरदृष्टीने एक बादली आली. वर मात्र कुणी पाहिलं नाही.

त्या वर्तुळात एक खुर्ची न हललेली राहिली. बाईंची. त्यांचा पदर भिजला, केस भिजले, तरी त्या व्यासपीठाकडे टक लावून बसून होत्या. तिथे साहेबांच्या गळ्यात हार पडत होता. साहेबांना त्या दिसल्या. क्षणभर त्यांना वाटलं, माइकवरून म्हणावं, अगं, सरक ना जरा. पण सरक म्हणायचं तर कशापासून, हेही सांगावं लागलं असतं. ते हसत राहिले.

बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी छत्री उघडली.

एवढा वेळ निवांत असलेल्या सभागृहात एकदम कुजबुज झाली. छताखाली छत्री! काय ही शोभा! लोकांनी माना वळवल्या, कपाळाला आठ्या घातल्या, कुणीतरी त्यांच्याकडे बोट दाखवलं. इतक्या वेळात इतकी माणसं प्रथमच एका गोष्टीवर चिडली होती. मग मागच्या रांगेतून एक स्पष्ट, सभ्य आणि वैतागलेला आवाज आला:

"ओ बाई, छत्री मिटा की! आम्हाला समोरचं दिसत नाहीये."

हा आवाज कुणाचा, याची खात्याने रीतसर चौकशी केली नाही. तशी गरजही नव्हती. तुम्ही त्या दिवशी मागच्याच रांगेत बसला होतात आणि तुमची जागा कोरडी होती.