वास आला की हात वर!

विषारी वायूपासून जीव कसा वाचवायचा हे मी गेली बावीस वर्षं सैनिकांना शिकवतोय, आणि आजवर माझ्या एकाही पोराचा मुखवटा गळलेला नाही! हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. निदान त्या मंगळवारी सकाळी साडेनऊपर्यंत तरी सांगत होतो.

परीक्षा साधी असते. एक बंद तंबू. आत दोरीला कापसाचे बोळे टांगायचे आणि त्यांवर पिकल्या केळ्यासारखा वास असलेलं एक तेल ओतायचं. पोरांनी मुखवटे चढवून आत जायचं. मुखवटा चेहऱ्याला नीट बसला असेल तर वास येत नाही. आला तर कुठेतरी फट आहे. मग हात वर करायचा आणि बाहेर यायचं. आता केळ्याच्या वासाने कुणी मरत नाही. पण खऱ्या वायूला तीच फट सापडली तर हात वर करायलाही कुणी उरत नाही!

त्या दिवशी माझ्या तीस पोरांची शेवटची परीक्षा होती. सगळे पास झाले तर दुपारच्या गाडीने महिनाभराच्या सुट्टीवर. एक जरी नापास झाला तर अख्खी तुकडी आणखी पंधरा दिवस इथेच. सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला होता तो गालफुग्याचा. त्याला मुलगी होऊन चाळीस दिवस झाले होते आणि त्याने तिला फक्त फोनवर बघितलं होतं. पण त्याचे गाल! त्याला मुखवटा चढवणं म्हणजे उशीला टोपी घालण्यातला प्रकार!

तपासणीला आले होते लालपेनसाहेब. त्यांच्या खिशात दुसऱ्या रंगाचं पेन आजवर कुणी पाहिलेलं नाही.

"उस्ताद, मुखवटे तपासलेत?"

"एकूण एक, साहेब! कडेच्या रबरावरून आतून बोट फिरवून. मी स्वतः!"

आणि खरंच फिरवलं होतं. सकाळी बोळ्यांवर तेलही मीच ओतलं आणि लगेच मुखवट्यांना भिडलो. असल्या कामात मी दुसऱ्यावर विसंबत नाही.

पहिली दहा पोरं आत गेली. मी तंबूच्या प्लास्टिकच्या खिडकीशी घड्याळ घेऊन उभा. दहा सेकंद झाले नाहीत तोच तीन हात वर! मग पाच. मग आठ! साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"पट्टे ढिले!" मी ओरडलो. "बाहेर या, नालायकांनो! तीन महिने काय झोपा काढल्यात?"

एकेकाचा मुखवटा मी स्वतः सारखा केला. आत बोटं घालून रबर बसवलं, पट्टे आवळले. पुन्हा आत पाठवले. दहाच्या दहा हात वर!

आता माझं डोकं सणकलं. पट्टे नाहीत, तर फिल्टर! आणि फिल्टर म्हणजे स्टोअरचे कुलूपकाका. निवृत्तीला एक वर्ष राहिलेला हा माणूस आलेल्या मालाला आधी कुलूप लावतो आणि मग नाव विचारतो.

"काका, हे फिल्टर कुठल्या शतकातले?"

"गेल्या महिन्यातले. सीलबंद आलेत."

"मग वास आत कसा शिरतो?"

"मला काय विचारता? मी कुलूप लावतो, नाक लावत नाही!"

"नवे काढा! तिसांच्या तिसांना!"

"आधी सही करा."

"इथे पोरांचं वाटोळं होतंय आणि तुम्हाला सही सुचते?"

"वाटोळ्याचा फॉर्म वेगळा आहे. तो नंतर भरा."

मी सही नाही केली, कागदाला पेन भोसकलं! मग तीस नवे फिल्टर एकेक करून माझ्या हाताने पिळून बसवले. या वेळी सगळी तुकडी एकदमच आत घातली.

एकोणतीस हात वर.

हात खाली होता तो एकट्या गालफुग्याचा.

"चला, निदान एक तरी शिकला," लालपेनसाहेब म्हणाले.

पण मला ते पटेना. ज्या गालांवर ताटली बसणार नाही त्यांवर मुखवटा बसला? मी त्याला बाहेर ओढलं आणि मुखवटा काढायला लावला.

"वास आला नाही तुला?"

"नाही, उस्ताद."

"माझ्याकडे बघून सांग."

तो बुटांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आला. पण उस्ताद, ती आता हसायला लागलीय म्हणे."

आणि त्यामुळेच मी आणखी भडकलो!

"गाढवा! वायू काय तुझा सासरा आहे, खोटं बोललास की खपवून घ्यायला? लपवलंस तर आज सुट्टी मिळेल. उद्या खऱ्या वायूत लपवशील! त्या पोरीला बाप हवाय की भिंतीवरचा फोटो?"

एकेका शब्दाला माझं बोट त्याच्या नाकासमोर नाचत होतं.

"उस्ताद..."

"मधे बोलू नकोस!"

"उस्ताद, मी मुखवटा काढलाय. बोळेही इथे नाहीत. तरी वास येतोय." तो अडखळला. "तुमच्या बोटाला."

कुलूपकाका पुढे झाले, वैद्याने नाडी धरावी तसं माझं मनगट धरलं आणि हुंगलं.

"बोट कसलं? अख्खा घड आहे!"

तीसही मुखवटे साबणाने धुतले गेले. मी सोडून बाकी सगळ्यांनी धुतले. मला दहा पावलांवर, हात मागे बांधून उभं केलं होतं. संतापाने माझे कान तापले होते, आणि ओरडायला समोर कुणीच उरलं नव्हतं!

तुकडी पुन्हा आत गेली. एकोणतीस पोरं शांत. आणि एक हात ताडकन वर!

गालफुग्या. कुणी विचारलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. तो बाहेर आला. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत.

"डाव्या कानाखालून येतोय, उस्ताद."

पट्टा आवळून एकदा परत जायची मुभा असते. मला हात लावायची बंदी, म्हणून कुलूपकाकांनी आवळला. तो आत गेला. एक मिनिट. दोन मिनिटं. मी खिडकीला नाक लावून उभा. हात खालीच राहिला!

दुपारच्या गाडीत तो पहिला चढला.

मग साहेबांनी अहवाल माझ्या हातात दिला. "तुकडी: तिसांपैकी तीस पास. प्रशिक्षक: पंधरा दिवस प्राथमिक वर्ग." लाल शाईत! बावीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला! मी तिथल्या तिथे पेटलो. आणि माझ्या जागी वर्ग घ्यायला नेमलं कुणाला? कुलूपकाकांना!

पहिला धडा, मुखवटा चढवणे. मुदत नऊ सेकंद. त्यानंतर माणूस मेला असं धरतात. अठरा-अठरा वर्षांच्या पोरांमध्ये पहिल्या बाकावर मी. शिट्टी वाजली. माझा चष्मा पट्ट्यात अडकला. तो सोडवून मुखवटा बसेपर्यंत चौदा सेकंद!

काकांनी मला पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं आणि वर्गाला म्हणाले, "उशीर झाला. पण मढं कसं टापटीप आहे बघा!"