सहा फूट पाच इंचांची सोय

संस्था माणसांमुळे उभी राहते असा एक गोड गैरसमज आहे. संस्था उभी राहते ती रोट्यामुळे. माणसं येतात, जातात, आजारी पडतात, डिसेंबरात लग्नाला म्हणून पुण्याला जातात आणि फेब्रुवारीत परततात; रोटा मात्र भिंतीवर असतो. ज्यांनी या देशात, म्हणजे इंग्लंडात, सरकारी हॉस्पिटलात आयुष्य काढलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात: कोणी, कधी आणि कुठे उभं राहायचं याचा तक्ता म्हणजे रोटा. (उभं राहून काय करायचं हे त्यात नसतं. ते ज्याचं त्याने पाहून घ्यायचं.)

डॉ. शशिधर परचुरे यांनी मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात भूल देण्याच्या विभागाचा रोटा सलग एकोणीस वर्षं बनवला. कुणाची ईद, कुणाचा ईस्टर, कुणाच्या मुलाची मुंज, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं त्यांनी त्यात बसवलं. दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलने एक ॲप घेतलं. ते हाच रोटा अकरा सेकंदांत बनवतं. शशिधर यांना निवृत्तीचा केक देण्यात आला आणि त्यांच्या कार्याचा गौरव करणारं भाषणही झालं. (भाषण ॲपपेक्षा जास्त वेळ चाललं.) त्यानंतर एकोणसाठाव्या वर्षी त्यांच्याकडे उरला तो रविवार आणि रविवारचा बास्केटबॉल.

मँचेस्टरच्या पेनाइन मराठी मंडळाचा बास्केटबॉल संघ ही मंडळाची सर्वांत जुनी क्रीडा-परंपरा आहे, म्हणजे सहा वर्षांची. खेळाडू अकरा, त्यांपैकी आठ डॉक्टर. सरासरी वय त्रेपन्न. सरासरी उंची पाच फूट सहा. चालू स्थितीतले गुडघे, दरडोई दीड. सहा हंगामांत संघाने एक सामना जिंकला आहे. (त्या दिवशी समोरच्या मंडळाची मिनीबस मोटरवेवर बंद पडली होती. विजय तरीही नोंदवला गेला.)

बास्केटच्या अगदी खाली जो उभा राहतो त्याला सेंटर म्हणतात, आणि तिथे संघातला सगळ्यात उंच माणूस ठेवतात. शशिधर पाच फूट साडेनऊ इंच होते. (हा अर्धा इंच कागदोपत्री.) दर सामन्यात बारा मिनिटं ते हात वर करून तिथे उभे राहत. त्या बारा मिनिटांत त्यांना कोणी विचारत नसे की मग आता पुढे काय प्लॅन? संघाचे कप्तान आणि हृदयरोगतज्ज्ञ गिरीश ओरडत, ‘शशी, वर!’ आणि शशिधर वर जात, जितके जाता येईल तितके. या बारा मिनिटांची ते सोमवारपासून वाट पाहत. पुढचं सगळं यावरच अवलंबून असल्यामुळे हे स्पष्ट नोंदवून ठेवलेलं बरं.

यंदा आंतरमंडळ लीगने अमेरिकेच्या धर्तीवर ड्राफ्ट सुरू केला. शिक्षणासाठी नव्या शहरात गेलेल्या मराठी मुलांची यादी करायची आणि मंडळांनी आळीपाळीने त्यातून खेळाडू उचलायचे. मागच्या वर्षी जो शेवटचा, त्याची निवड पहिली. अशा रीतीने पेनाइन मंडळाचा कशात तरी पहिला नंबर आला. त्यांनी नकुलला उचललं. नकुल वीस वर्षांचा. जन्म आणि शाळा लंडनच्या स्टॅनमोरला, इंजिनीअरिंगसाठी मँचेस्टरला आलेला, विद्यापीठाच्या संघात खेळणारा. उंची सहा फूट पाच इंच. जागा: सेंटर.

निवड जाहीर होताच सभेत टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त वेळ टाळ्या शशिधर यांनी वाजवल्या. (टाळ्या थांबल्या की पुढचा विषय निघाला असता.)

पुढचा विषय लीगच्या पत्रातून निघाला. ‘ड्राफ्टमधून आलेला खेळाडू आपल्या रोटेशनमध्ये कसा बसेल ते पंधरा तारखेपर्यंत कळवावे.’ बास्केटबॉलमध्ये रोटेशनचा अर्थ अगदी किरकोळ आहे: सामना चालू असताना कोण उठून कोर्टवर जाईल आणि त्याच्या जागी कोण येऊन बसेल, एवढंच. पण अकरापैकी आठ जण डॉक्टर, आणि या देशात डॉक्टरला रोटेशनचा एकच अर्थ ठाऊक असतो. नव्या माणसाला काही काही महिने एकेका ठिकाणी फिरवायचं, आणि याच्या हातून काही बिघडत नाही अशी सगळ्यांची खात्री पटली की पुढच्या ठिकाणी पाठवायचं. पत्राचा दुसरा काही अर्थ असू शकेल ही शंका कोणालाही आली नाही. उरलेले तिघे आयटीत होते, त्यांना वाटलं डॉक्टरांना माहीत असेल.

‘शशी, हे तर तुझंच डिपार्टमेंट,’ मंडळाच्या अध्यक्ष मधुमती म्हणाल्या. शशिधर घरी गेले आणि दोन वर्षांनी त्यांनी एक्सेल उघडलं. त्या संध्याकाळी ते शीळ घालत होते असं त्यांच्या पत्नीने, डॉ. सुनीती यांनी, नंतर सांगितलं.

पहिला टप्पा ओळख-प्रशिक्षण, चार आठवडे. आगीच्या वेळी बाहेर पडायचा दरवाजा, हात धुण्याची पद्धत (चेंडूला स्पर्श करण्यापूर्वी आणि केल्यानंतर), आणि वजन उचलण्याचे नियम: चेंडू उचलताना कंबरेत न वाकता गुडघ्यात वाकावे. शेवटी ऑनलाइन परीक्षा. नकुलला चौऱ्याण्णव टक्के मिळाले. बास्केटने पेट घेतल्यास प्रथम कोणास कळवाल, हा प्रश्न चुकला.

दुसरा टप्पा निरीक्षक. निरीक्षक म्हणजे हजर असलेला पण संख्येत न धरलेला माणूस. नकुलने तीन सामने बेंचशेजारी उभं राहून शशिधर यांच्याकडे पाहावं असं ठरलं, आणि त्याने पाहिलं. प्रत्येक सामन्यानंतर ‘आज मी काय शिकलो’ या विषयावर पाचशे शब्द लिहायचे होते. पहिल्या निबंधात त्याने लिहिलं, ‘काका गुडघा वाकवले तर बॉल मिळेल.’ शशिधर यांनी समासात शेरा मारला: आत्मपरीक्षण अपेक्षित आहे, दुसऱ्याचं नव्हे.

तिसऱ्या टप्प्यात सरावाची परवानगी होती. पहिल्याच सरावात नकुल धावत आला, उडाला आणि दोन्ही हातांनी चेंडू वरून रिंगमध्ये कोंबून खाली उतरला. रिंग बराच वेळ हलत होती. कोणाला इजा झाली नाही, परंतु होऊ शकली असती. म्हणून ‘थोडक्यात टळलेली घटना’ या सदराखाली फॉर्म भरण्यात आला. चौथ्या टप्प्यात दोन ज्येष्ठांच्या सह्या लागत होत्या. त्यांपैकी एक ज्येष्ठ पुण्यात होते आणि मार्चपर्यंत तिथेच राहणार होते.

मुलगा गुणी होता. तो वेळेवर येई, सगळ्यांच्या बाटल्या भरून ठेवी आणि एकदाच, जानेवारीत, त्याने विचारलं, ‘काका, माझी चान्स कधी येणार?’

‘अरे, तू रोटेशनमध्येच आहेस.’

‘हो, पण मी कोर्टवर नाही आहे.’

‘ते वेगळं,’ शशिधर म्हणाले. नकुल बाटल्या भरायला गेला.

सुनीतींनी जेवताना हा विषय काढला. दोघं एकाच मेडिकल कॉलेजचे (त्या जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर), त्यामुळे त्या आडपडदा ठेवत नसत. ‘शशी, तुला भीती वाटतेय.’

‘भीती कसली? क्लिनिकल गव्हर्नन्स आहे हा.’ (म्हणजे काही बिघडू नये म्हणून सगळं नियमाने आणि सहीनिशी करणं.)

‘तीस वर्षं जीपी आहे मी. भीतीही बघितलीये आणि गव्हर्नन्सही. हा मुलगा एकदा कोर्टवर गेला ना, की परत तुला कोणी बोलावणार नाही. म्हणून चाललंय हे सगळं.’

शशिधर यांनी आमटी मागितली. आमटी त्यांच्या पुढ्यातच होती. सुनीती म्हणत होत्या ते अक्षरश: खरं होतं; केक कापतानाही त्यांना हीच भीती वाटली होती.

हंगामातला शेवटचा सामना फेब्रुवारीत होता, मँचेस्टरजवळच्या सेल गावातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, आणि समोर नकुलचंच जुनं स्टॅनमोर मंडळ. त्यांच्या बसमधून नकुलची आई स्वाती आली, दोनशे मैल, मुलाला खेळताना पाहायला. शाळांना हाफ-टर्मची सुट्टी लागून बाकीचे फिरायला गेल्याने पेनाइनचे पाचच ज्येष्ठ हजर होते. पाचही कोर्टवर होते. बेंचवर एकटा नकुल. मध्यंतराला गुण होते एकतीस विरुद्ध नऊ.

मुलगा बाहेर का बसलाय असं स्वातीने विचारलं तेव्हा शशिधर यांनी अभिमानाने रोटा उघडून दाखवला. पुण्याच्या सहीचा स्कॅन आदल्याच दिवशी आला होता आणि आजपासून नकुलला बढती होती: पाचवा टप्पा, घरून ऑन-कॉल. हॉस्पिटलात हा विश्वासाचा कळस मानतात. माणसाने समोर असण्याचीही गरज नाही. तो घरी असतो, फोन गेला की येतो. फक्त एक तांत्रिक अडचण होती. नकुल घरी नव्हता. तो बेंचवर बसला होता, आणि बेंचवर बसलेल्या माणसाला घरून बोलावता येत नाही.

गिरीश यांनी सुचवलं की बेंचलाच घर मानावं. यावर चर्चा झाली. पण उद्या मग कोणीही बेंचवर बसून मी घरी आहे असं म्हणेल, हा पायंडा घातक ठरेल, असं सर्वांचं मत पडलं. शेवटी नकुलने घरी जावं असं सर्वानुमते ठरलं.

‘मी घरी गेला तर मॅच कशी खेळणार?’

‘आम्ही बोलावू ना.’

‘अहो डॉक्टर,’ स्वाती म्हणाली, ‘तो इथे बसलाय. त्याला नुसतं ऊठ म्हणा.’

‘वहिनी, नेमकं तेच आपल्याला टाळायचंय. असं तोंडी, ऐनवेळी केलं की पेशंटच्या जिवावर बेततं.’

‘पेशंट कोण आहे?’

नकुलने बॅग उचलली, आईकडे पाहून खांदे उडवले आणि सेलहून ट्रॅम धरून तो ओल्ड ट्रॅफर्डच्या आपल्या खोलीवर गेला.

शेवटची सात मिनिटं उरली असताना गिरीश यांच्या पोटरीत गोळा आला आणि ते आडवे झाले. कोर्टवर चार जण राहिले. शशिधर यांनी स्वत: कडेला जाऊन फोन लावला. नकुलने दुसऱ्या रिंगला उचलला. (ही बाब उत्कृष्ट म्हणून नोंदवली आहे.) ऑन-कॉल माणसाने तीस मिनिटांत पोचावं असा दंडक आहे. तीस मिनिटं सामना थांबवावा ही विनंती रेफ्रीने नाकारली. तो डॉक्टर नव्हता.

चौघं पाचांविरुद्ध खेळले. स्टॅनमोरच्या मुलांना एव्हाना दया आली होती आणि शशिधर यांच्याजवळ कोणी उभं राहत नव्हतं. चेंडू त्यांच्याकडे आला. त्यांनी डोळे मिटून तो वर टाकला. चेंडू फळीला लागला, रिंगवर दोनदा फिरला, त्याने थोडा विचार केला आणि तो आत पडला. तीन हंगामांतले त्यांचे पहिले दोन गुण. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, स्वातीसुद्धा. शशिधर यांनी हात खाली घेतलेच नाहीत. ते आनंदात होते, अगदी निर्लज्जपणे आनंदात होते. सामना अडुसष्ट विरुद्ध सतरा असा हरले.

नकुल धावत आत आला तेव्हा बॅडमिंटनवाले जाळी बांधत होते. शशिधर यांनी घड्याळ पाहिलं. ‘सत्तावीस मिनिटं. एक्सलंट!’ आणि त्याच्या फॉर्मवर, शेवटच्या रकान्यात, ‘सक्षम’ असं लिहून सही केली.

नकुलने फॉर्मकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं. मग आईच्या फोनवर त्या दोन गुणांचा व्हिडिओ पाहिला आणि त्याचं तोंड खरोखर उजळलं. ‘काका, तुमची शॉट मस्त होती!’ तो म्हणाला, ‘गुडघा वाकवले तुम्ही!’

शशिधर यांना लाज वाटली. रोट्यात वीस रकाने होते, पण लाजेसाठी एकही नव्हता, त्यामुळे ती कुठे लिहून मोकळं होता येईना.

एप्रिलच्या वार्षिक सभेत सभासद संतापले. नकुलवर अन्याय झाला यावर दुमत नव्हतं. तरुणांना जागा करून दिलीच पाहिजे, असं मधुमती म्हणाल्या. (अध्यक्षपदाचं त्यांचं हे नववं वर्ष.) संघ स्थापन झाल्यापासून कप्तान असलेल्या गिरीश यांनी याला जोरदार अनुमोदन दिलं. कार्यक्रमाचं निवेदन, नाटकातली नायकाची भूमिका आणि गणपतीची आरती सांगणं अनुक्रमे अकरा, चौदा आणि सोळा वर्षं सांभाळणारे तिघेही हेच बोलले, आणि तिघांनाही टाळ्या मिळाल्या.

शशिधर यांनी पिशवीतून चौसष्ट फॉर्म काढून वाटले. फॉर्म त्यांच्या लौकिकाला शोभणार नाही इतका लहान होता. ओळ पहिली: माझी सध्याची जागा. ओळ दुसरी: हेच काम माझ्यापेक्षा चांगलं करील अशा, माझ्यापेक्षा तरुण व्यक्तीचं नाव व मोबाइल नंबर. खाली सही. मग सगळ्यांदेखत त्यांनी आपला फॉर्म भरला. पहिल्या ओळीत ‘सेंटर’ लिहिलं, दुसरीत नकुलचं नाव लिहिलं, आणि एकोणीस वर्षं न चुकता दुसऱ्यांच्या जागा ठरवलेल्या हाताने खाली सही केली.

उरलेले त्रेसष्ट फॉर्म सभासदांनी विचार करण्यासाठी घरी नेले आहेत. मुदत दोनदा वाढवून देण्यात आली. अद्याप एकही आलेला नाही.

ज्या वाचकांना इथवर नकुलची कीव आली असेल त्यांच्यासाठी वेगळा फॉर्म छापलेला नाही. दोनच तर ओळी आहेत. पहिली तुम्हाला पाठ आहे. दुसरीत कोणाचं नाव यायला हवं हे तुम्हाला आत्ता, हे वाक्य वाचतानाच आठवलं आहे, आणि त्याचा नंबरही तुमच्या फोनमध्ये आहे.