तेरा मीटर पुढचं घर

मोजणीदारांची बायको गेली तीन वर्षं बसून झोपत होती. आडवं झालं की छातीत घरघर सुरू व्हायची, म्हणून पलंगाच्या डोक्याशी चार उशा, त्यांच्यामागे गुंडाळलेली सतरंजी आणि त्या सगळ्याला टेकून बाई. खिडकीखाली रहदारी आणि भिंतीला भिंत लावून फरशा कापायचा कारखाना. डॉक्टर मोजकं बोलणारे होते. त्यांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "आणखी एक हिवाळा इथे काढू नका. डोंगरावर जा. कोरडी हवा बघा."

"किती दिवसांसाठी?" मोजणीदारांनी विचारलं.

"मिळतील तेवढ्या," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मोजणीदार चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजून निवृत्त झाले होते. स्वतःच्या मालकीची जमीन म्हणजे गच्चीवरच्या दोन कुंड्यांत मावेल तेवढी. मिळालेला फंड त्यांनी डोंगरउतारावरच्या एका प्लॉटमध्ये घातला. रस्त्याच्या कडेने ओळीने प्लॉट पाडलेले होते, अठरा-अठरा मीटर रुंदीचे. ओळीच्या एका टोकाला हद्दीचा दगड आणि दुसऱ्या टोकाला दरी. मोजणीदारांचा प्लॉट दरीकडून सातवा, दगडापासून बराच लांब. विकणारा दलाल सभ्य होता. कागद हातात देताना तो म्हणाला, "बांधायच्या आधी सरकारी मोजणी करून घ्या हं."

"मी?" मोजणीदार म्हणाले.

दलालाने विषय बदलला. आचाऱ्याला खानावळीचा डबा लावायला सांगितल्यावर त्याचा चेहरा जसा होईल तसा मोजणीदारांचा झाला होता.

त्यांची स्वतःची टेप होती. तीस मीटरची, पोलादी, नोकरीला लागले तेव्हाची. तिचा पहिला मीटर केव्हाच तुटून गेला होता. नवी टेप मागायला अर्ज करावा लागतो, आणि अर्ज केला की जुनी कशी तुटली याचा खुलासा द्यावा लागतो. म्हणून मोजणीदारांनी एकच्या आकड्यावर भोक पाडून तिथे कडी अडकवली होती. टेपेवर तीस दिसलं की खरं अंतर एकोणतीस. ते दिवसभर दिसेल तो आकडा लिहून आणायचे आणि संध्याकाळी त्यांची बायको सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून काढताना प्रत्येक आकड्यातून एक वजा करायची. चाळीस वर्षं त्यांचा संसार असा बिनचूक चालला होता. ऑफिसात मोजणीदारांच्या अचूकतेचे दाखले दिले जात, आणि त्या अचूकतेतला एक मीटर घरी कणीक मळून झाल्यावर वजा होतो हे कोणाला ठाऊक नव्हतं.

प्लॉट मोजायला दोघं गेले. बाई रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्चीवर वही घेऊन बसल्या. चढ चढून त्यांना धाप लागली होती, ओठ निळसर पडले होते. मोजणीदारांनी दगडापाशी खिळा ठोकला, कडी अडकवली, टेप ताणली आणि बायकोकडे पाहिलं. एरवी ते 'तीस' म्हणाले असते. पण हिला आज आकडेमोडीचा ताप नको, एवढं तरी आपण करावं, असं त्यांच्या मनात आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतः एक वजा केला आणि ओरडले, "एकोणतीस."

बाईंनी सवयीने अठ्ठावीस लिहिलं.

दर खेपेला बाईंची खुर्ची पुढे सरकवत दोघांनी हे तेरा वेळा केलं. नवऱ्याने दया दाखवली होती हे बायकोला कळलं नाही, आणि बायको आपल्या कामात चोख आहे हे नवऱ्याला आठवलं नाही. वहीतली बेरीज नकाशातल्या दगड ते प्लॉट अंतराएवढी भरली तेव्हा ते प्रत्यक्षात तेरा मीटर पुढे आले होते. मोजणीदारांनी तिथे खुंटी ठोकली आणि समाधानाने म्हणाले, "इथपासून आपलं."

घर उभं राहिलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी. पहिल्या रात्री बाई उशा रचायला लागल्या, मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तीन उशा काढून ठेवल्या आणि आडव्या झाल्या. सकाळी उठून त्या म्हणाल्या, "अहो, मी झोपले होते." मोजणीदार तोंड धुवायला म्हणून न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

इकडे ओळीतले पुढचे प्लॉटवालेही बांधायला लागले. दगडापासून मोजत यायचा कंटाळा कोण करणार नाही? पुढच्या ठेकेदाराने टेप थेट मोजणीदारांच्या भिंतीला लावली. "मोजणीदाराचंच घर, ते कसं चुकेल?" असं तो म्हणाला आणि मालकाला ते पटलं. त्याच्या पुढच्याने त्याच्या भिंतीला लावली. वर्षभरात अशी पाच घरं झाली, सगळी सरळ रेषेत, सगळी सुबक, आणि सगळी तेरा मीटर पुढे.

ओळीतला शेवटचा, दरीकडचा प्लॉट कोर्टातून निवृत्त झालेल्या एका स्टेनोचा होता. त्याने तो मुद्दाम शेवटचा घेतला होता. चाळीस वर्षं वकील, साक्षीदार, आरोपी आणि न्यायाधीश जे बोलतील ते ऐकून त्याचे कान किटले होते. शेवटचा प्लॉट म्हणजे शेजार एकाच बाजूला, दुसरीकडे दरी, आणि दरी बोलत नाही, असा त्याचा साधा हिशेब होता. खुंटी ठोकायला गेलेला त्याचा ठेकेदार मोगरी हातात तशीच घेऊन परत आला.

"काय झालं?"

"साहेब, तुमच्या प्लॉटात जमीन थोडीच आहे."

"मग बाकी काय आहे?"

"हवा आहे."

अठरातले तेरा मीटर दरीत गेले होते. स्टेनोने त्याच दिवशी अर्ज केला. सरकारी मोजणी आली, सगळ्यांदेखत दगडापासून सुरुवात झाली आणि मोजणीदारांच्या पडवीतून, देवघरातून, बाईंच्या पलंगाच्या मधोमध दुसऱ्याची हद्द निघाली.

मोजणीदार दोन दिवस जेवले नाहीत. ते दगडाला नावं ठेवत होते, नकाशाला नावं ठेवत होते, डोंगर सरकला असेल असंही त्यांनी एकदा सुचवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही काढली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

बाईंनी बोट कुठे आहे ते पाहिलं. "तुम्ही वजा केला होता?"

"तुला धाप लागली होती."

"मला सांगायचं तरी."

"सांगायला पाहिजे होतं," मोजणीदार म्हणाले. चाळीस वर्षांत एकही मोजणी कोणी उलटवली नव्हती आणि उलटली ती हीच, जिच्यावर बायकोचा श्वास होता. बाईंनी वही मिटली आणि त्यांच्यापुढे ताट वाढलं.

भूमी कार्यालयातला अधिकारी तरुण होता आणि फार समजूतदारपणे वाईट बातमी द्यायचा. "दोनच मार्ग आहेत," तो म्हणाला. "एक, सहाही घरं पाडून तेरा मीटर मागे बांधायची. दोन, मोजणीदारांच्या घराअलीकडे जो तेरा मीटरचा पट्टा रिकामा राहिलाय तो शेवटच्या प्लॉटवाल्याने घ्यायचा आणि सगळ्यांनी जिथे आहोत तिथे राहायचं. त्याला स्टेनोसाहेबांची सही लागेल. महिनाअखेरपर्यंत."

महिनाअखेरीनंतर हिवाळा होता. घर पाडून पुन्हा बांधेपर्यंत बाईंना खाली शहरात, त्या चार उशांवर जावं लागणार होतं, आणि तिथे आणखी एक हिवाळा काढायचा नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं.

स्टेनो वरच्या वळणावर भाड्याच्या खोलीत राहत होता. शेजाऱ्यांनी एकेक करून त्याच्यावर चाल केली. एकाने कायदा सांगितला, एकाने माणुसकी सांगितली, एक निवृत्त मुख्याध्यापक होते त्यांनी दोन्ही सांगितलं आणि वर स्वतःचं पोटदुखीचं ऑपरेशनही सांगितलं. स्टेनोने प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. "दोन घरांच्या मध्ये राहायला मी इथे आलेलो नाही." मोजणीदार गेले तेव्हा त्याने दारच उघडलं नाही.

"मी जाते," बाई म्हणाल्या.

"एकशेदहा पायऱ्या आहेत."

"तुम्ही मोजल्यात ना? मग शंभर धरू."

त्या निघाल्या. पाच पायऱ्या चढायच्या, थांबायचं, कठडा धरायचा, पुन्हा पाच. मोजणीदार खाली उभे राहून बघत होते. बरोबर यायचं नाही, अशी शपथ बाईंनी त्यांना घातली होती. वरून खिडकीतून स्टेनोही बघत होता. पाऊण तासाने बाई त्याच्या दारात पोचल्या. त्याने नाइलाजाने खुर्ची दिली आणि समोर बसून भाषण सुरू व्हायची वाट बघायला लागला.

भाषण सुरू होईना. बाईंनी मनाशी पाठ करून आणलेलं सगळं होतं, छातीचा फोटो, हिवाळा, उशा. पण तोंडातून शब्द निघायला जी हवा लागते ती त्यांच्यापाशी नव्हती. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदराने टिपलं. घड्याळाचा काटा अर्धा फिरला. खोलीत आवाज असा नव्हताच. शेवटी बाई हरल्या आणि उठायला लागल्या.

"बसा," स्टेनो म्हणाला. "कागद आणलाय?"

बाईंनी कागद पुढे केला. त्याने सही केली.

"चाळीस वर्षांत," तो म्हणाला, "माझ्यासमोर येऊन काही न बोलणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. असा शेजार असेल तर मला मध्ये राहायला हरकत नाही."

त्या हिवाळ्यात स्टेनोचं घर त्या रिकाम्या पट्ट्यावर उभं राहिलं. मोजणीदारांच्या आणि त्याच्या पडवीमध्ये कमरेएवढं कुंपण, बस. आणि डोंगरावरच्या हवेने आपलं काम केलं. उन्हाळ्यापर्यंत बाईंचा श्वास परत आला, आणि श्वासाच्या मागोमाग इतकी वर्षं साठलेलं बोलणंही आलं. सकाळी पावणेनऊला त्या कुंपणापाशी यायच्या. "भाऊ, उठलात का?" इथून सुरुवात. बहिणीच्या सासूपासून कपड्याच्या साबणापर्यंत काही सुटत नसे. स्टेनो पडवीत खुर्चीवर मान खाली घालून बसलेला असायचा. हूं नाही की चूं नाही. पण आत उठून कधी गेला नाही. मोजणीदारांना वाटे, बिचारा आपल्या सहीला पस्तावतोय.

पावणेदोन वर्षं असं चाललं. डॉक्टरांनी 'मिळतील तेवढ्या' म्हटलं होतं त्यात हे पुष्कळ होतं. मग एका दुपारी बाई जेवून आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत.

मोजणीदार पडवीत बसून राहू लागले. लोक आले, बोलले, गेले. स्टेनो आला नाही. मोजणीदारांनी ते मनाला लावून घेतलं. पंधराएक दिवसांनी सकाळी तो कुंपणाला वळसा घालून आला. बगलेत वह्यांचा गठ्ठा होता. सात वह्या, लघुलेखनाच्या बारीक रेघोट्यांनी काठोकाठ भरलेल्या.

"हे काय?" मोजणीदारांनी विचारलं.

"सवय आहे," स्टेनो ओशाळून म्हणाला. "कोणी बोललं की हात चालायला लागतो. मला थांबवता येत नाही." त्याने वरची वही उघडली. "ही लिपी माझ्याशिवाय कोणाला लागत नाही. म्हणून म्हटलं, वाचून दाखवावं. तुमची इच्छा असेल तर."

मोजणीदारांनी मान हलवली. स्टेनो खुर्चीवर बसला, चष्मा लावला आणि कोर्टात वाचतात तशा सपाट आवाजात सुरुवात केली.

"'अकरा तारीख. सकाळी पावणेनऊ. भाऊ, उठलात का? आमचे हे अजून अंथरुणात आहेत. उठले की म्हणतील, मी केव्हाचा जागा आहे. घोरत होते.'"

"मी घोरत नाही," मोजणीदार म्हणाले.

"मी फक्त लिहून घेतो. खरंखोटं बघणं माझं काम नाही." त्याने पान उलटलं. "'तुम्हाला सांगते भाऊ, माणूस वाईट नाही हो. पण मिठाची बरणी घेतली की वरच्या फळीवर ठेवून देतात. रोज मला स्टूल ओढावं लागतं. जगाच्या जमिनी मोजल्या, पण बायकोचा हात कुठवर पोचतो ते काही कधी मोजलं नाही.'"

मोजणीदार उठले. ते आत गेले. स्वयंपाकघरात भांड्यांचा थोडा आवाज झाला. मिठाची बरणी खालच्या फळीवर ठेवून ते बाहेर आले आणि पुन्हा खुर्चीवर बसले.

"वाचा पुढे," ते म्हणाले.